सहा ग्रॅम पाने, सहा वेळा पाणी

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते, दर ३०० मीटरला साधारण एक अंश लवकर. त्यामुळे शहरातल्या खासबाग भागातल्या घरात गॅसवर ठेवलेले पाणी १०० अंशांपर्यंत कधी पोचतच नाही. साडेसत्त्याण्णवच्या आसपास ते खळखळू लागते आणि मग कितीही आच दिली तरी तिथेच राहते. रोजच्या चहाला याने काही फरक पडत नाही. पातेल्यात पाणी, साखर, पूड, ठेचलेले आले, वरून दूध आणि दोन-तीन उकळ्या, एवढ्यात अंश-दोन अंशांचा हिशेब कोण ठेवतो? पारंपरिक चिनी पद्धतीने चहा करायला बसले, की मात्र पाणी किती तापले आहे हाच पहिला प्रश्न असतो.

ही पद्धत चीनच्या फूजियान प्रांतातली आणि शेजारच्या क्वांगतुंगमधल्या चाओचौ भागातली. तिला कुंगफू चहा म्हणतात. सवड काढून, कसबाने केलेला चहा एवढाच त्याचा अर्थ. चित्रफितींमध्ये दिसणारे बांबूचे तबक, मातीची चिमुकली किटली, लाकडी चिमटे, धूप हे सारे पाहून तो एखादा पूजाविधी वाटतो आणि माणूस बिचकतो. प्रत्यक्षात सगळी मेख प्रमाणात आहे. पाने भरपूर, पाणी थोडे, वेळ अगदी कमी आणि त्याच पानांवर पुन्हापुन्हा नवे पाणी. तबक आणि चिमटे नसले तरी चहा होतो. हे प्रमाण चुकले, तर हजारो रुपयांची किटलीसुद्धा तो वाचवू शकत नाही.

आपली रीत याच्या नेमकी उलट आहे आणि तिलाही भक्कम कारण आहे. आपण जिला चहापूड म्हणतो ते खरे तर दाणे असतात. आसाममधल्या आमगुडी मळ्यात १९३० च्या सुमारास विल्यम मॅकरचर यांनी दातेरी रुळांचे यंत्र वापरात आणले. दोन रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्यांतून जाताना पान चिरडते, फाटते आणि वळून त्याचे दाणे होतात. हाच सीटीसी चहा. दाणा बारीक असल्यामुळे त्याचा खूप मोठा भाग पाण्याच्या संपर्कात येतो, रंग आणि कडकपणा झटपट उतरतो आणि थोड्या पुडीत पुष्कळ कप होतात. मात्र जे द्यायचे ते तो एका उकळीत देऊन टाकतो. दुसऱ्यांदा पाणी घातले तर हाती फक्त पिवळसर पाणी येते.

चहाच्या पानातून पाण्यात प्रामुख्याने तीन प्रकारची द्रव्ये उतरतात. कॅफिनमुळे तरतरी येते आणि थोडा कडवटपणाही. थिअनिन हे अमिनो आम्ल चवीला सौम्य गोडसर गोलाई देते. तिसरी पॉलिफेनॉल, म्हणजे जिभेला कोरड आणणारी तुरट द्रव्ये. पहिली दोन गरम पाण्यात लवकर विरघळतात. तुरटपणाला जास्त वेळ आणि जास्त उष्णता लागते. पातेल्यात पाच-सात मिनिटे उकळल्यावर हे सगळेच उतरलेले असते, आणि तो चहा नुसता प्यायचा म्हटले तर घसा खरवडून निघेल. तिथे दूध कामाला येते. दुधातले केसीन हे प्रथिन तुरट द्रव्यांना धरून ठेवते, म्हणून कडक उकळलेला चहाही सुखाने घशाखाली उतरतो. चिनी पद्धतीत दूध नाही. तुरटपणा आवरायचा असेल, तर तो पानांतून उतरण्याआधीच पाणी ओतून घ्यायचे, हा तिथला उपाय आहे. पाने जेमतेम १०-१५ सेकंदच भिजवण्याचे गणित इथून येते.

चिनी लोक पूर्वीपासूनच असा चहा पीत होते असे मात्र नाही. तांग काळात, आठव्या शतकात, लू यू या लेखकाने 'चा चिंग' हा चहावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्या काळी पाने वाफवून, कुटून त्यांच्या वड्या करत. वडी भाजून तिची भुकटी करायची आणि ती उकळत्या पाण्यात टाकायची, अशी रीत होती. लू यू त्यात चिमूटभर मीठ घालत असे. पण चहात आले, पुदिना, संत्र्याची साल, बोरे आणि कांद्याची पात घालून उकळणाऱ्यांवर तो उखडला होता. असला चहा त्याच्या लेखी गटारात ओतण्याच्या लायकीचा होता. आले आणि गवती चहा घातल्याशिवाय ज्यांचा पावसाळा सरत नाही, त्या बेळगावकरांनी लू यूचे हे मत फार मनावर घेऊ नये. तरी एक गोष्ट ध्यानात येते. मसाला घालून उकळलेला चहा चीनमध्येही होता, तो मागे पडत पडत आजची पद्धत आली.

सुंग काळात भुकटी उकळण्याऐवजी गरम पाण्यात घुसळून पिऊ लागले. जपानने ही रीत उचलली, आजचा माचा तो हाच. मग १३९१ मध्ये मिंग घराण्याचा पहिला सम्राट हाँगवू याने दरबारात नजराणा म्हणून येणारा चहा वड्यांऐवजी सुट्या पानांचा असावा असा हुकूम काढला. सुटी पाने आली तशी ती भिजवायला किटली आली, आणि सोळाव्या शतकापर्यंत ताइ सरोवराजवळच्या यीशिंग गावच्या मातीच्या किटल्यांची कीर्ती पसरली.

लहान भांड्यांचा सर्वात वाचनीय दाखला युआन मेइ याने ठेवला आहे. हा अठराव्या शतकातला कवी आणि पक्का खवय्या. वुयी डोंगरातला चहा औषधासारखा कडू लागतो म्हणून त्याला तो आवडत नसे. १७८६ मध्ये तो खुद्द वुयीला गेला. तिथल्या मठांत त्याच्यापुढे महाळुंगाएवढी किटली आणि अक्रोडाएवढे पेले आले. एवढासा चहा गिळून टाकवेना. आधी वास घ्यावा, मग घोट जिभेवर घोळवावा, असे करत दोन-तीन पेले झाले आणि त्याचे मत पालटले. पेला लहान असण्याचे कारण यातच आहे. बेळगावच्या हॉटेलात 'बाय-टू', म्हणजे एक चहा दोघांत, मागवणाऱ्याला ते समजावून सांगावे लागणार नाही, थोडा चहा गरम असतानाच संपतो आणि पुढच्याची ओढ राहते. चीनमधल्या चहा बनवण्याच्या पारंपरिक कौशल्यांचा आणि त्याभोवतीच्या चालीरीतींचा समावेश युनेस्कोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, त्यात चाओचौची ही पद्धतही आहे.

आता खासबागेतल्या घरात यातले काय जमेल ते पाहू.

चीनमध्ये नवशिक्याच्या हाती सहसा गायवान देतात. गायवान म्हणजे बशी आणि झाकण असलेली चिनी मातीची वाटी, साधारण १०० ते १२० मिलिलिटरची. झाकण किंचित तिरके धरून फटीतून चहा ओततात, पाने आतच राहतात. चिनी मातीला झिलई असल्यामुळे ती वास धरत नाही, स्वतःची चव मिसळत नाही आणि धुवायला सोपी. आपल्याकडे याच कामाला कान असलेला चिनी मातीचा कप आणि त्यावर उपडी ठेवलेली बशी चालते. कपाला कान असल्यामुळे बोटे भाजण्याची भीती उलट कमीच. ओतताना पाने निसटलीच तर खाली स्टीलची गाळणी धरावी.

कपातला चहा थेट पेल्यांत ओतला तर पहिल्या पेल्यात पातळ आणि शेवटच्या पेल्यात दाट चहा जातो, कारण ओतेपर्यंत पाने रस सोडतच असतात. म्हणून चिनी घरांत सगळा चहा आधी एका चोचीच्या भांड्यात काढतात आणि मग सर्वांना सारखा वाटतात. चाओचौत तेही वापरत नाहीत. तिथे तीन पेले एकमेकांना चिकटवून ठेवतात आणि किटली त्यांच्यावर गोल गोल फिरवत ओततात. आपल्याला दुधाचे छोटे भांडे पुरते. पेले म्हणून घरातल्या लहान वाट्या घ्याव्यात, फक्त त्यांना लसूण-फोडणीचा वास नको.

पाण्याकडे मात्र नीट लक्ष द्यायला हवे. लू यूने डोंगरातले पाणी उत्तम, नदीचे मध्यम आणि विहिरीचे शेवटचे असा क्रम लावला होता. बेळगाव शहराला नळाचे पाणी येते ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप आणि घटप्रभेवरच्या हिडकल जलाशयांतून. त्याशिवाय घरोघरी विहिरी आणि कूपनलिका आहेत. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर शहरात आजही सर्वांना ठाऊक आहे. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेले क्षार सहसा जास्त असतात. पाणी जड असले की त्यातले कॅल्शियम आणि चहातली पॉलिफेनॉल यांची हवेच्या संपर्कात पृष्ठभागावर तवंगासारखी साय धरते, रंग मळकट होतो आणि वास दबतो. उलट आरओ यंत्रातून सगळे क्षार काढलेल्या पाण्यातला चहा सपक लागतो. एकाच वेळी दोन कपांत तीच पाने घेऊन एकात गाळलेले नळाचे आणि दुसऱ्यात कूपनलिकेचे पाणी ओतले, तर कोणते वापरायचे ते जीभच ठरवून देईल.

तापमान मोजायला तापमापक नसला तरी चालते. लू यूने उकळण्याच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. आधी माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आणि बारीकसा आवाज, मग भांड्याच्या कडेने मोत्यांच्या माळेसारखे वर येणारे बुडबुडे आणि शेवटी लाटांसारखी खळखळ. उलाँग (अर्धवट आंबवलेला), काळा चहा आणि पु-अर (मुरवलेला) यांना बेळगावात खळखळते पाणी सरळ वापरावे, निवू देण्याची गरज नाही. हिरव्या चहाला मात्र ८० अंशांच्या आसपासचे पाणी लागते, नाहीतर तो कडू होतो. त्यासाठी तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधे पाणी मिसळावे. बेळगावच्या उकळबिंदूला हे मिश्रण ८० अंशांच्या जवळपास येते. उंचीचा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो हे पाहायचे तर ल्हासाकडे पाहावे. ते सुमारे ३६५० मीटरवर आहे आणि तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. तिबेटी लोक विटेसारख्या दाबलेल्या चहाची पाने बराच वेळ उकळून त्यात लोणी आणि मीठ घुसळतात, त्याला ही थंड उंचीही कारण असावी असे वाटते.

प्रत्यक्ष कृती अशी. कपात उकळते पाणी ओतून ते फेकून द्यावे, म्हणजे कप तापतो. त्यात ५-६ ग्रॅम पाने टाकून बशी झाकावी आणि अर्ध्या मिनिटाने बशी उचलून वास घ्यावा. कोरड्या पानांचा गरम वास पुढे काय येणार आहे याचा बराच अंदाज देतो. मग १०० मिलिलिटर पाणी ओतून, उलाँग किंवा पु-अर असेल तर, ५ सेकंदांत ते पहिले पाणी टाकून द्यावे. गोळीसारखी वळलेली पाने त्याने सैल होतात. हिरव्या चहाला या धुण्याची गरज नसते. त्यानंतरचे पाणी १०-१५ सेकंदांत ओतून घ्यावे, कपात एक थेंबही शिल्लक न ठेवता. मागे राहिलेले पाणी पुढच्या फेरीपर्यंत पानांतला तुरटपणा ओढत बसते, आणि नवख्याचा चहा बिघडतो तो बहुधा याच कारणाने. दुसरी फेरीही तेवढ्याच वेळात, आणि तिसऱ्यापासून दर वेळी ५-१० सेकंद वाढवत जायचे. चांगली पाने ६-७ फेऱ्या सहज देतात.

वजनकाटा नसेल तर गोळीदार उलाँगचे दोन चहाचे चमचे म्हणजे साधारण ५-६ ग्रॅम. लांब, पिळलेली पाने त्याहून हलकी असतात, ती तीन-चार चमचे लागतात.

एवढ्याशा कपात दोन-तीन चमचे पाने पाहून घरातली वडीलधारी माणसे हमखास विचारतील, की ही कसली उधळपट्टी? हिशेब मात्र वेगळे सांगतो. ६ ग्रॅम पानांवर १०० मिलिलिटरच्या सहा फेऱ्या झाल्या, तर ६०० मिलिलिटर चहा झाला. म्हणजे १०० मिलिलिटरला एक ग्रॅम. चहाची चव तपासण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आयएसओ ३१०३ या मानकात १०० मिलिलिटरला दोन ग्रॅम पाने आणि सहा मिनिटे असे प्रमाण आहे. त्याच्या निम्म्याच पानांत इथे सहा वेगवेगळ्या चवी मिळतात. पहिल्या फेरीत वास पुढे असतो, दुसरी-तिसरी सर्वात भरलेली लागते आणि शेवटच्या फेऱ्यांत हलकी गोडी उरते.

पाने कोणती घ्यायची हा खरा खर्चाचा प्रश्न. फूजियानचे तिए ग्वान यिन हे उलाँग, वुयीचे खडकाळ उतारांवरचे चहा, युनानचे पु-अर अशी नावे वाचून ती मागवावीशी वाटतात, पण आयात चहावर भारतात भारी सीमाशुल्क आहे आणि बनावट मालही पुष्कळ. पहिल्या प्रयोगासाठी चीनपर्यंत जाण्याचे कारण नाही. आर्चिबाल्ड कॅम्पबेल या स्कॉटिश डॉक्टरने १८४१ मध्ये दार्जिलिंगमध्ये चिनी जातीचे चहाचे बी लावले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ ते १८५१ च्या दरम्यान चीनमधून चोरून आणलेली रोपे, बिया आणि चहाचे कारागीर हिमालयातल्या मळ्यांत पोचले. दार्जिलिंग आणि कांगड्याच्या जुन्या मळ्यांतली झुडपे अजूनही मुख्यतः त्या चिनी वंशाची आहेत. दार्जिलिंग चहा २००४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळवणारे भारतातले पहिले उत्पादन ठरला. बेळगावहून जवळचा पर्याय हवा असेल तर निलगिरीचा. पाकीट घेताना त्यावर 'ऑर्थोडॉक्स' (दाणे न करता वळलेली पाने) आणि 'होल लीफ' (अख्खी पाने) हे शब्द पाहावेत. वसंतातल्या पहिल्या तोडणीचा दार्जिलिंग लवकर तुरट होतो, त्याला ४ ग्रॅम पाने आणि थोडे निवलेले पाणी बरे. ग्रीन टीच्या पिशव्या या पद्धतीला निरुपयोगी, त्यांत बहुधा चुरा असतो.

बेळगावकराला आणखी एक मोह होणे साहजिक आहे. २५ किलोमीटरवरच्या खानापूरची माती कौलांसाठी आणि माठांसाठी नावाजलेली. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय ग्रामीण कुंभारकला संस्थाही तिथेच आहे. मग चहाची किटली खानापुरीच का करून घेऊ नये? अडचण भाजणीची आहे. माठ पाणी गार करतो तो झिरपतो म्हणून. कमी आचेवर भाजलेली ही माती किटलीला वापरली, तर ती चहा शोषून घेते आणि त्याला मातीचा वास देते. यीशिंगची लोहयुक्त माती ११०० अंशांच्या वर भाजतात. ती जवळपास दगडासारखी घट्ट होते आणि सूक्ष्म छिद्रे तेवढी राहतात. त्या छिद्रांत चहाचा वास मुरतो, म्हणून जाणकार एक किटली एकाच प्रकारच्या चहासाठी ठेवतात. खानापूरचे भांडे घ्यायचेच असेल तर आतून शिसेविरहित, खाद्यपदार्थांना योग्य झिलई दिलेले घ्यावे.

या साऱ्या खटाटोपाकडे पाहून कोणी नाक मुरडले, तर महाराष्ट्रातला चहा एकेकाळी कोणत्या नजरेने पाहिला जाई याची आठवण करून द्यावी. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने झालेल्या समारंभात चहा-बिस्किटे घेतली, म्हणून टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. १९०३ च्या चहा उपकर कायद्यानंतर मळेवाल्यांच्या पैशातून प्रचार सुरू झाला. प्रचारक गावोगाव फिरून सांगत, की पाणी उकळा, पाने त्यात भिजवा आणि दूध नंतर घाला. लोकांनी चहा घेतला, सूचना सोडून दिल्या आणि सगळे एकत्र उकळले. पाने महाग होती आणि दूध-साखरेने पोटाला आधार मिळत होता. तेव्हा पाने भिजवून काढायची सूचना आपल्याकडे नवी नाही, फक्त ती ऐकायला उशीर झाला.

प्रकृतीच्या दोन गोष्टी. चहातली पॉलिफेनॉल अन्नातल्या लोहाचे शोषण कमी करतात, म्हणून जेवणाला लागून असा चहा घेऊ नये, तासाभराचे अंतर ठेवावे. सहा फेऱ्यांत मिळून पानांतले बहुतेक कॅफिन पोटात जाते, तेव्हा झोप नाजूक असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी बेताने घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयांबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. त्या बाबतीत लहान पेले सोयीचेच, त्यांतला चहा चटकन निवतो.

खासबाग, वडगाव आणि शहापूर हा विणकरांचा पट्टा. मागावरून चार मिनिटांसाठी उठलेल्या माणसाला हा चहा उपयोगाचा नाही, त्याला दूध-साखरेचा कडक कपच हवा. घरी आठ-दहा पाहुणे बसले असतील, तरी पातेलेच चढवावे. दोघे-तिघे असतील आणि अर्धा तास मोकळा असेल, तेव्हा चिनी पद्धत करून पाहावी. सुरुवातीला ५० ग्रॅम निलगिरी किंवा दार्जिलिंगची अख्खी पाने तेवढी विकत घ्यावीत, बाकी सगळे घरात आहेच. तेवढ्या पाकिटात आठ वेळा प्रयोग होतो, आणि किटलीवर पैसे घालायचे की नाही हे ठरवायला तो पुरेसा आहे.